'डिड्यूस', 'इन्फर', 'फिगर आउट': कुठला शब्द कुठे?

प्रश्न : कोशात 'डिड्यूस'समोर 'अनुमान काढणे' असे दिले आहे. 'इन्फर'समोरही तेच. 'सर्माइज'समोर 'अनुमान करणे', 'कन्क्लूड'समोर 'निष्कर्ष काढणे'. 'वर्क आउट' आणि 'फिगर आउट' यांचा अर्थ वाचताना कळतो, पण लिहायला बसले की हात अडतो. विचार करून उत्तरापर्यंत पोचणे, एवढ्याच अर्थाचे हे सगळे शब्द असतील तर ते एकमेकांच्या जागी वापरावेत का?

उत्तर : नाही, आणि याचा दोष कोशकारांना देता येणार नाही. मराठीत 'अनुमान' या एकाच शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. माझ्या मते यातला निम्मा गोंधळ एका प्रश्नाने सुटतो : उत्तर किती पक्के आहे?

समजा, एका खोलीला एकच दार आहे, खिडकी नाही, आणि दाराची कडी फक्त आतूनच लावता येते. दार ढकलून पाहिले तर कडी लागलेली. म्हणजे आत कोणीतरी आहे. हे झाले 'डिड्यूस'. हाती असलेल्या गोष्टी खऱ्या असतील तर उत्तर खोटे निघूच शकत नाही.

आता दाराबाहेर ओल्या चपला दिसल्या. आतला माणूस नुकताच पावसातून आला असावा. हे 'इन्फर'. पुरावा आहे, पण चपला दुसऱ्या कोणाच्या असतील किंवा कोणी धुऊन ठेवल्या असतील, ही शक्यता उरतेच. मराठीत 'असावा' हे रूप जिथे आपोआप येते, तिथे 'इन्फर' बहुतेक वेळा बसतो.

हाका मारूनही आतून ओ येत नाही, म्हणजे स्वारी रुसून बसली असेल. इथे 'सर्माइज'. पुरावा विरळ आणि कल्पना जास्त. 'गेस'ला तर पुराव्याची अटच नाही.

'कन्क्लूड' या उतरंडीत बसत नाही. त्याच्या मुळाशी 'बंद करणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. विचार पुरा झाला, आता हे ठरले, एवढेच तो सांगतो. पुरावा भक्कम असो की तुटपुंजा, माणूस 'कन्क्लूड' करू शकतो. म्हणून अहवालाच्या शेवटी तो शोभतो आणि विचार अजून चालू असताना खटकतो.

'गॅदर' या यादीत सहसा कोणी घेत नाही, पण बोलण्यात तो फार उपयोगी आहे. 'तुमच्या बोलण्यावरून असं दिसतं की...' हे इंग्रजीत सहज म्हणायचे तर 'आय गॅदर'. तिथे 'आय डिड्यूस' म्हटले तर गुप्तहेराचा आव आल्यासारखे वाटते.

गुप्तहेरांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. बुटावरचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते ओळखण्याला रहस्यकथांत 'डिडक्शन' म्हणतात. तर्कशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ते डिडक्शन नव्हे, कारण चिखल दुसरीकडचाही असू शकतो. दिसणाऱ्या खुणांचा सगळ्यात पटणारा खुलासा निवडणे, या विचारपद्धतीला अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी 'अ‍ॅब्डक्शन' हे नाव दिले. तर्कशास्त्राबाहेर मात्र तो शब्द वापरू नका. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ अपहरण असा होतो.

प्रश्न : पक्केपणाचे समजले. पण 'वर्क आउट', 'फिगर आउट' आणि 'सॉल्व्ह' यांचे काय?

उत्तर : इथे पक्केपणा बाजूला ठेवा आणि क्रियापदाचे कर्म पाहा. 'सॉल्व्ह'चे कर्म कोडे, समीकरण किंवा अडचण असते. उत्तर कधीच नसते. 'डिड्यूस' आणि 'इन्फर' यांचे उलट आहे. त्यांचे कर्म म्हणजे हाती लागलेले उत्तर. कोडे 'डिड्यूस' करता येत नाही. 'वर्क आउट'ला मात्र दोन्ही चालतात, कोडेही आणि उत्तरही. मराठीत आपण हा भेद न शिकवता पाळतो : गणित सोडवतो, उत्तर काढतो. 'उत्तर सोडवले' असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे अडलात तर आधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहा. 'सोडवणे' आले तर 'सॉल्व्ह' आणि 'काढणे' आले तर 'वर्क आउट' किंवा 'डिड्यूस'.

'सॉल्व्ह'चे लॅटिन मूळही 'सैल करणे, सोडणे' असेच आहे. 'अ‍ॅनालिसिस'मधल्या ग्रीक धातूचा अर्थही सोडणे, मोकळे करणे. प्रश्न म्हणजे गाठ, ही कल्पना तिन्ही भाषांत आहे. आपले 'उकलणे' आणि 'उलगडणे' त्याच कुळातले.

'फिगर आउट'मधला 'फिगर' म्हणजे आकडा. वापर मुळात अमेरिकन, आता सर्वत्र रुळलेला. यंत्र कसे चालवायचे, रस्ता कुठे चुकला, समोरचा माणूस असा का वागतो, सगळ्यांना तो चालतो. माणसासाठी 'वर्क आउट' प्रामुख्याने ब्रिटिश इंग्रजीत ऐकू येतो. दोन्ही बोलीकडे झुकलेले आहेत. शोधनिबंधात त्यांच्याऐवजी 'डिटर्माइन' किंवा 'एस्टॅब्लिश' बरे.

सूत्र मांडायचे असेल तर 'डिराइव्ह'. मूळ अर्थ प्रवाहातून पाणी वळवून घेणे. एका सूत्रातून पायरीपायरीने दुसरे सिद्ध करणे, एका शब्दापासून दुसरा साधणे, अशा ठिकाणी हाच शब्द हवा. साधित शब्दाला इंग्रजी व्याकरणात 'डिराइव्ह्ड' म्हणतात, ते यामुळेच.

आणखी एक मत : मराठी बाजूविषयी थोडे लिहितो, कारण अनुवाद करताना खरी अडचण तिथे येते. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत, 'अनुमान' हे प्रमाण आहे, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चारांतले ते दुसरे. डोंगरावर धूर दिसतो, धूर असतो तिथे अग्नी असतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हा अंदाज नव्हे. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे धूर तिथे अग्नी हा न चुकणारा संबंध, ठाऊक असेल तरच ते अनुमान ठरते. आज मात्र हवामानापासून निवडणुकीपर्यंत कशालाही 'अनुमान' म्हणतात आणि शब्दाची धार जाते. तिथे 'अंदाज' हा शब्द आहे ना! तो फारसीतून आला, आणि ज्या फारसी क्रियापदापासून बनला त्याचा अर्थ फेकणे असाही होतो. गोलंदाज, तीरंदाज यांतला 'अंदाज' तोच. इंग्रजी 'कन्जेक्चर'च्या मुळाशीही लॅटिनमधले 'फेकणे' आहे. म्हणून 'कन्जेक्चर'ला 'अंदाज' किंवा 'अटकळ' म्हणावे आणि 'अनुमान' 'इन्फरन्स'साठी राखावे. मी अनुवादात हे कटाक्षाने पाळतो.

'डिडक्शन'ला 'निगमन' आणि 'इंडक्शन'ला, म्हणजे अनेक उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढण्याला, 'विगमन' हे पारिभाषिक शब्द आहेत. पण न्यायदर्शनातल्या पंचावयवी वाक्यात, म्हणजे पाच भागांच्या युक्तिवादात, 'निगमन' हा शेवटचा अवयव, म्हणजे निष्कर्ष. जुना ग्रंथ आणि आजचे पाठ्यपुस्तक एकत्र वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, नाहीतर अर्थाचा अनर्थ होईल.

'तर्क' तर दोन्हीकडचा. 'हा नुसता तर्क आहे' यात तो 'सर्माइज'. 'तर्कशुद्ध' यात तो 'लॉजिक'. आणि 'ताडणे' विसरू नका. 'त्याच्या चेहऱ्यावरून तिने ताडले' यातली झटपट जाण 'इन्फर'मध्ये येत नाही. इंग्रजीत तिथे बोलीतला 'सस आउट' त्यातल्या त्यात जवळचा.

प्रश्न : 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांत नेहमी गल्लत होते. आणि 'डिडक्ट'?

उत्तर : बोलणारा 'इम्प्लाय' करतो, ऐकणारा 'इन्फर' करतो. सुचवणारा एक, समजून घेणारा दुसरा. 'इन्फर' सुचवण्याच्या अर्थाने वापरलेला इंग्रजीतही आढळतो, पण संपादक तो खोडतात, तेव्हा टाळलेलाच बरा.

'डिडक्ट' म्हणजे वजा करणे. गंमत अशी की 'डिड्यूस' आणि 'डिडक्ट' या दोघांचेही नाम 'डिडक्शन'च. करविषयक मजकुरात 'डिडक्शन' आले की 'वजावट' लिहा, तर्कशास्त्रात आले की 'निगमन'. क्रियापद मात्र जपून निवडा. 'आय डिडक्टेड दॅट ही वॉज इनसाइड' हे वाक्य चूकच आहे. तिथे 'डिड्यूस्ड' हवे.