मोजणीचा डेटा ठेवायचा कामाच्या नावाने की गावाच्या?

टिळकवाडी
आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात दर कामाचा वेगळा फोल्डर. वर पार्टीचं (काम देणाऱ्याचं) नाव आणि वर्ष, आत ड्रोनचे फोटो, डीजीपीएसची (अचूक जीपीएसची) रीडिंगं, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरची फाइल. गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावी पाइपलाइनच्या मोजणीला गेलो. बेससाठी, म्हणजे डीजीपीएसचं एका जागी ठेवायचं यंत्र लावायला, जागा शोधून खुणेचा नवा दगड पुरण्यात अख्खा दिवस गेला. परतल्यावर कळलं, त्याच शाळेच्या आवारात तीन वर्षांपूर्वी आम्हीच पुरलेला दगड आहे! त्याची नोंद रस्त्याच्या कामाच्या फोल्डरात पडून होती. शिवाय जुनी उंची समुद्रसपाटीपासूनची आणि नवी जीपीएसने दिलेली तशीच, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, त्यामुळे दोन्ही जुळेनात. माझं स्पष्ट मत झालंय: आधी गाव, त्याच्या पोटात काम. पार्टी एकदाच येते, गावात आपण पुन्हा पुन्हा जातो.

निपाणीकर
नाही पटत. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याचं काम घ्या. हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीला पोचलात की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. इकडे सर्व्हे नंबर आणि हिस्सा, तिकडे गट नंबर. रस्त्याच्या एकाच मध्यरेषेचे गावागणिक तुकडे करून ठेवणार का? शिवाय पार्टीला दिलेला नकाशा जसाच्या तसा राहायला हवा. उद्या पोटहिस्सा पडला, हद्द बदलली आणि कोणी तीच फाइल दुरुस्त केली, तर कोर्टात काय दाखवाल? कामाचा फोल्डर बंद केला की त्याला हात लावायचा नाही, यातच आपली सुरक्षा आहे.

टिळकवाडी
दिलेला नकाशा गोठवून ठेवावा, हे मान्य, शंभर टक्के. पण दगड काही त्या पार्टीचा नाही.

उचगाव फाटा
फोल्डरवरून का भांडताय? सगळं एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे अनेक थर मावणाऱ्या एकाच नकाशा-फाइलीत, ठेवा आणि प्रत्येक नोंदीला दोन रकाने द्या, काम क्रमांक आणि गावाचा कोड. पाहिजे तसं गाळून बघा. गावाचं नाव मात्र लिहू नका. एक जण येळ्ळूर लिहितो, दुसरा यळ्ळूर, कन्नड उताऱ्यावरून इंग्रजीत उतरवणारा तिसरंच काहीतरी. सरकारच्या गावांच्या यादीतला (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) एलजीडी कोड एकच असतो. आणि शेपफाइल हा नकाशा-डेटाचा जुना फाइल प्रकार सोडा आता. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात, युनिकोड देवनागरीत तीन अक्षरांत जागा संपते.

निपाणीकर
एकच फाइल म्हणजे एकच धोका. शिकाऊ पोराने चुकून नोंदी पुसल्या तर सगळ्या कामांचं नुकसान. आमच्याकडे चार जण एकाच वेळी काम करतात, नेटवर्कवरच्या जिओपॅकेजमध्ये दोघांनी लिहायला घेतलं की फाइल लॉक होते.

उचगाव फाटा
चार जण असाल तर पोस्टजीआयएस लावा, त्या सर्व्हरवरच्या डेटाबेसात अनेकांना एकाच वेळी लिहिता येतं. पोरांना फक्त बघण्याची परवानगी द्या.

टिळकवाडी
निपाणीकर, रस्त्याचा मुद्दा मी मानतो. लांबलचक कामं कामाच्या नावानेच राहू देत. पण दगडांचा थर (नकाशातला लेयर) सगळ्या कामांना सामाईक हवा, यावर मी ठाम आहे. खानापूर आणि चंदगड दोन्ही तालुके यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या झोन ४३ मध्येच येतात, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, तेव्हा सीमेची अडचण इथे नाही. दर दगडाला कायमचा नंबर, उंची कशापासून मोजली ते, तारीख, आणि मागे ओळखीची खूण दिसेल असा फोटो. खानापूरच्या पावसाळ्यानंतर गवत इतकं माजतं, की फोटो नसेल तर अक्षांश-रेखांश हातात असूनही दगड सापडत नाही.

निपाणीकर
दगडांपुरतं चालेल. हद्दीच्या रेषा मी सामाईक थरात टाकणार नाही.