नेपियरचा मुरघास मेंढ्यांसाठी: ४५ दिवसांवर कापू का ८० पर्यंत थांबू?

ऐरोली_मुरबाड_अपडाऊन:
नमस्कार मंडळी, राहायला ऐरोलीत, गावी मुरबाडकडे अर्धा एकर संकरित नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) आणि २२ मेंढ्या, शनिवार-रविवार मी असतो बाकी दिवस काका बघतात. मागच्या वेळी नेपियर डोक्याच्या वर जाईपर्यंत थांबलो, ८०-८५ दिवस झाले असतील, म्हटलं माल भरपूर निघेल आणि निघालाही, मुरघासाच्या (हिरवा चारा बारीक करून हवाबंद बॅगेत आंबवलेला) बॅगा भरल्या, वासपण छान आंबटगोड आला. पण मेंढ्या पाला पाला वेचून खातात आणि कांड्या गव्हाणीत तशाच, रोज पाटीभर उचलून उकिरड्यावर. कोकरांच्या अंगाला काही लागत नाही. काका म्हणतात मेंढराला मुरघास चालतच नाही, ते गाई-म्हशींचं काम. आता फुटवा ३८ दिवसांचा झालाय, पाऊस पण गेलाय. कापू का? एवढ्यात कापला तर निम्मापण माल निघणार नाही असं वाटतंय.

बदलापूरचा_बोकड:
काकांना सांगा मुरघासाचा दोष नाही, गवत जून झालं होतं. ४५ दिवसांच्या आसपास नेपियरमध्ये (सुक्या वजनावर) प्रथिनं साधारण १०-११ टक्के धरा, ८० च्या पुढे ६-७ वर येतात. पाला कमी कांडी जास्त, आणि कांडीत लिग्निन (लाकडासारखा टणक भाग) भरतं, ते मेंढीच्या पोटातले जंतू फोडूच शकत नाहीत. त्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्या जंतूंनाच उपासमार, मग चारा पोटात पडून राहतो आणि मेंढी खाणंच कमी करते. मुरवल्याने जून गवत कोवळं होत नाही भाऊ, जे बॅगेत भरलं तेच बाहेर येणार. वास चांगला म्हणजे टिकलाय चांगला, एवढंच.
४५ ला कापा. आणि निम्मा माल म्हणताय पण उकिरड्यावर टाकलेला त्यातून वजा केलात का?

शहापूर_७२:
थांबा थांबा, असं लगेच कापून बॅगेत कोंबू नका. मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ४० दिवसांचा भर पावसात कापला आणि लगेच कुट्टी (बारीक तुकडे) करून भरला. बॅगेखालून पाणी वाहायला लागलं आणि उघडल्यावर असा घाण वास की बायको म्हणाली आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही. १४ बॅगा खड्ड्यात. कोवळ्या नेपियरमध्ये ८०-८५ टक्के पाणीच असतं आणि साखर कमी, मग आंबवणाऱ्या चांगल्या जंतूंऐवजी कुजवणारे वाढतात. तेव्हापासून मी भाताच्या पेंढ्याची कुट्टी मिसळतो, पाणी शोषून घेते, आपल्याकडे पेंढा तर पडलेलाच असतो.

बदलापूरचा_बोकड:
@शहापूर_७२ पावसाळ्यात दुसरा इलाज नाही हे मान्य, पण हिशोब बघा. १०० किलो कोवळ्या गवतात सुका भाग १६ किलो, त्यात प्रथिनं १.६ किलो. १५ किलो पेंढा घातलात की सुका भाग साडेएकोणतीस होतो पण पेंढ्याची प्रथिनं जेमतेम अर्धा किलो. म्हणजे एकूण परत ७ टक्क्यांवर! लवकर कापून कमावलं ते पेंढ्यात घालवलं, वरून पेंड चारावी लागणार. आत्ता ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, सकाळी दव उडालं की कापा, दिवसभर पसरून सुकवा, एकदा उलटवा आणि दुसऱ्या दिवशी कुट्टी. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडा, पाणी ठिबकलं तर अजून सुकवा, गोळा हळूहळू सुटला की भरा. थोडं गुळाचं पाणी शिंपडा. कुट्टी बारीक, अर्धा-पाऊण इंच, म्हणजे वेचायला वाव राहत नाही आणि दाबून हवापण निघते.

घोडबंदर_ताई:
एक राहिलं. सुकवताना ताडपत्रीवर पसरा, मातीवर नको. माती गेलेला आणि नीट न आंबलेला मुरघास मेंढ्यांना गाईपेक्षा जास्त बाधतो, लिस्टेरिया नावाच्या जंतूने मान वाकडी होऊन गोल गोल फिरायला लागतात, मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाही. बुरशीची बॅग तर सरळ टाकून द्यायची.
आणि सगळंच कोवळं हवं असं नाही हं. भाकड मेंढ्यांना ६० दिवसांचापण पुरतो, एकरी माल जास्त मिळतो. कोवळ्याच्या बॅगा गाभण मेंढ्यांना शेवटचा दीड महिना आणि विलेल्यांना राखून ठेवा. बॅगेवर कापणीचे दिवस मार्करने लिहा, नाहीतर चार महिन्यांनी सगळ्या सारख्याच दिसतात.

ऐरोली_मुरबाड_अपडाऊन:
हे भारी आहे, सगळ्यांचे आभार. मग पुढच्या शनिवारी ४५ वा दिवस येतो, अर्धा कापतो, उरलेला ६० ला. मागच्या जून, जाड कांड्यांच्या मुरघासाच्या बॅगा आहेत अजून ९, त्यांचं काय करू?

शहापूर_७२:
भाकड मेंढ्यांना द्या, परत बारीक कुट्टी करून, बरोबर मूठभर शेंगदाणा पेंड. पण बॅग फोडली की दोन-तीन दिवसांत संपवा, हवा लागून गरम होते. कांड्या तरी थोड्या उरतीलच.