फेट्याखाली कोणता फेड?

नमस्कार मंडळी,

भाच्याचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्याला हाय स्किन फेड हवाय (बाजूचे आणि मागचे केस खाली पार कातडीपर्यंत उतरवून, वर हळूहळू लांब करत उंचावर नेलेला कट), घरच्यांना तो पसंत नाही. केस दाट, काळे, एकदम सरळ आणि मागे दोन भोवरे. विधींना फेटा आणि मुंडावळ्या, संध्याकाळी रिसेप्शनला उघडं डोकं. इथल्या बार्बरला नेमकं काय सांगायचं?

– मामा

---

मामा, नमस्कार.

फेटा असेल तर हाय स्किन फेड नकोच. फेट्याची कड कानाच्या जरा वर बसते. तिच्याखाली दिसतात फक्त कल्ले, कानामागची पट्टी आणि मान. हाय फेडमध्ये हा सगळा भाग झिरो, म्हणजे कातडीलगत कापलेला असतो आणि राखलेले केस फेट्यात झाकले जातात, त्यामुळे फोटोत नवरदेवाचं मुंडण केल्यासारखं दिसतं. शिवाय एरवी केसांखाली असलेल्या कातडीला ऊन लागलेलं नसतं. ती चेहऱ्यापेक्षा फिकी असते आणि फ्लॅशमध्ये पांढरा पट्टा उठून दिसतो.

त्याला लो टेपर शोभेल. फेड आणि टेपर यांत बार्बरकडे गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगा. फेड कानामागून डोक्याला पूर्ण वळसा घालतो. टेपर फक्त कल्ले आणि मानेवर उतरतो, कानामागचे केस तसेच राहतात.

मापं अशी: कल्ल्याच्या आणि मानेच्या कडेला 1 नंबर (3 मिमी), वर एक-दोन बोटांत 2 नंबर (6 मिमी), त्याच्यावर मशीन बंद आणि कात्री-कंगवा. हे शेवटचं सोडू नका. सरळ जाड केस 3 किंवा 4 नंबरला (10 ते 13 मिमी) डोक्याच्या वळणावर ब्रशासारखे बाहेरच्या बाजूला ताठ उभे राहतात आणि डोकं चौकोनी दिसतं. कात्रीने तिथली गोलाई राखता येते.

भोवऱ्यांजवळ किमान 4–5 सेंमी लांबी ठेवा. 2–3 सेंमीला तिथले केस हमखास उभे राहतात. जेलने तासभर बसतील, पण फेटा काढल्यावर पुन्हा वर येतील.

– सु.

---

सु. ताईंशी सहमत. थोडी भर घालतो.

काळ्या सरळ केसांत प्रत्येक रेघ दिसते, कारण केस आणि कातडी यांच्या रंगात फरक मोठा आणि रेघ लपवायला कुरळेपणा नाही. 1 आणि 2 यांच्यामधली रेघ मिटवायला 1 चा गार्ड (मशीनला लावायची मापाची कंगवी) लावून लिव्हर (पात्यांमधलं अंतर बदलणारा बाजूचा दांडा) उघडायचा, की माप दोन्हींच्या मधलं होतं. मशीन रेघेपर्यंत नेऊन मनगट बाहेर काढायचं, सरळ वर चढवायचं नाही. नवखा माणूस इथेच चुकतो: रेघ पुसताना प्रत्येक वेळी बोटभर वर जातो आणि लो म्हणून सुरू केलेला कट कानशिलापर्यंत पोचतो. रेघ उरलीच तर तिच्या खालच्या बाजूने, मशीनच्या कोपऱ्याने टिपायची. मानेवर केस तिरके, कधी आडवेही वाढतात. तिथे खालून वर एकाच दिशेने मशीन फिरवलं तर डाग राहतात. केसांच्या उलट दिशेने, कोन बदलत फिरवावं लागतं.

भाचा स्किनवर अडून बसला तर मधला मार्ग आहे: लो टेपरच, फक्त कडेचा सेंटिमीटरभर भाग झिरो. फेट्याखाली तो नीटस दिसतो.

दाढी असेल तर सगळ्यात बारीक जागा कानाच्या मध्याच्या उंचीला ठेवायची आणि तिथून खाली दाढी हळूहळू दाट होऊ द्यायची. कपाळावरची रेषा वस्तऱ्याने सरळ कोरून घेऊ नका. मूळ रेषेच्या मागे गेलेले केस तीनेक दिवसांत खुंट होऊन काळे दिसतात, आणि मुंडावळ्या बरोबर तिथेच येतात.

– बा.

---

दोघांचे आभार. कट नक्की कधी करून घ्यायचा?

– मामा

---

मामा, केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतात. 3 मिमीच्या टेपरला चार-पाच दिवसांनी काही बिघडत नाही, उलट कडा मऊ होतात, म्हणून तो लग्नाच्या चार-पाच दिवस आधी. झिरोची कड मात्र तीन दिवसांत मिलिमीटरभर काळी होते, ती दोन दिवस आधी आणि हळदीच्या दिवशी अजिबात नाही. ताजा वस्तरा फिरलेल्या मानेवर हळद झोंबते. पहिला कट याच आठवड्यात त्याच बार्बरकडे करून घ्या आणि समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून फोटो काढा. काही चुकलंच तर महिन्यात सेंटिमीटरभर केस भरून येतात. लग्नाआधीच्या कटला ते फोटो दाखवून म्हणा, इथपर्यंतच, याच्या वर नाही.

– सु.