मदत हवी आहे: गणपतीत मोदकांच्या कामाला स्टुडंट व्हिसावरची मुलगी ठेवायची आहे (यूके)

मोदकवाली_स्लाउ
नमस्कार. मी स्लाउला घरगुती डबे आणि छोटं केटरिंग करते. आत्तापर्यंत मी आणि नवरा मिळून भागत होतं. यंदा उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी दुप्पट झाल्यात, म्हणून दहा दिवस मदतीला माणसं हवीत. तिघांशी बोलणं झालंय.

एक एमएस्सी करणारी मुलगी, मूळची नागपूरची. तिने मोबाइलवर तिच्या व्हिसाचं पान उघडून दाखवलं. टर्ममध्ये आठवड्याला २० तास, असं त्यावर आहे. ती म्हणते, आता सुट्टी आहे, कितीही तास चालतात. दुसरा ओळखीतला मुलगा, इथेच जन्मलेला. तिसऱ्या शेजारच्या काकू, लेकीकडे व्हिजिटर व्हिसावर आल्यात. "पैसे नकोत गं, नुसते वळून देते" म्हणतात. हात इतका सुरेख आहे त्यांचा!

एकाने सल्ला दिला, चार दिवसांचं काम, रोख दे आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. चूक झाली तर मला दंड होईल ते होईलच, पण त्या मुलीचा व्हिसा धोक्यात येईल. वडिलांनी कर्ज काढून पाठवलंय तिला. नक्की काय काय तपासू?

खानावळ_लेस्टर
ताई, रोखीचं अजिबात ऐकू नका. काम चार दिवसांचं असलं तरी माणसाला इथे काम करायची परवानगी आहे का, ही तपासणी लागते, आणि ती पहिल्या दिवसाच्या आधी. नाहीतर, परवानगी नसलेलं माणूस निघालं तर पहिल्याच खेपेला माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड. फेब्रुवारी २०२४ च्या आधी हीच मर्यादा १५ हजार होती.

तिच्या मोबाइलवर पाहिलेलं धरत नाहीत. तिच्याकडून शेअर कोड (तिचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून तिने सरकारी साइटवरून काढायचा कोड; कामासाठीचा डब्ल्यूने सुरू होतो, ९० दिवस चालतो) आणि जन्मतारीख घ्या, आणि सरकारी साइटवर मालकांसाठीच्या पानावर तुम्ही स्वतः तपासा. फोटो तिचाच आहे ना, ते समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर बघा. ते पान तारखेसकट जपून ठेवा, ती काम सोडून गेल्यावरही दोन वर्षं.

आता सुट्टीचं. इथेच बरेच जण फसतात. पदवीच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते. एका वर्षाच्या मास्टर्सला वर्ग संपले तरी प्रबंध चालू असतो आणि तो काळ साधारणपणे टर्ममध्येच धरतात. म्हणजे २० तासच. युनिव्हर्सिटीकडून टर्म आणि सुट्टीच्या तारखांचा कागद मागा, तो तुमच्या फायलीत असायलाच हवा. आणि ती दुसरीकडे काम करते का तेही विचारा. २० तास सगळ्या नोकऱ्यांचे मिळून असतात, सोमवार ते रविवार.

सेल्फ-एम्प्लॉइड दाखवून बिल घ्या, असं कोणी सुचवलं तर तेही नको. स्टुडंट व्हिसावर त्याला मनाई आहे.

रीडिंगकर
काकूंना नाहीच म्हणावं लागेल. व्हिजिटरला बिनपगारी कामही करता येत नाही.

त्या मुलाचाही मूळ पासपोर्ट बघून, प्रत काढून तारीख घालून ठेवा. इथे जन्मला म्हणजे ब्रिटिश असेलच असं नाही. ब्रिटिश पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चालतो. आणि तपासणी सगळ्यांचीच करा. नाव किंवा रंग बघून ठरावीक लोकांचीच केलीत तर तो भेदभाव होतो.

मोदकवाली_स्लाउ
दोघांचेही मनापासून आभार. युनिव्हर्सिटीचा कागद आला. तिचा कोर्स सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे, म्हणजे सुट्टी नाहीच. शिवाय ती सुपरमार्केटमध्ये आठवड्याला १२ तास करते. माझ्याकडे उरले आठ. तिला खरंच माहीत नव्हतं, ऐकून रडवेली झाली बिचारी. ते आठ तास चतुर्थीच्या आदल्या दिवशी लावलेत, सारण आणि वळायला. मुलाचा पासपोर्ट बघितला. काकूंना चहाला बोलावून समजावलं, त्यांना थोडं लागलं. नव्या ऑर्डरी घेणं आजपासून बंद केलंय.

आता पेरोलचं बघायचंय. इतक्या कमी तासांसाठी तुमच्यापैकी कोणी स्वतः केलंय का, की अकाउंटंटकडेच देता?