बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड ग्राफीन ऑक्साइडनं काढावा का?

गोदाकाठ:
किनवट-देगलूरकडं खाली ग्रॅनाइट आहे, बोअरमध्ये फ्लोराइड उतरतो तो त्यातून. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 1 मिलिग्राम चालतो, दुसरी सोयच नसेल तर 1.5. आरओ लावला तर बरंच पाणी वाया जातं. टँकरची वाट बघणाऱ्या गावाला ते कसं परवडावं? ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर; त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशोबानं 2630 चौरस मीटर भरतो. मग त्यालाच ऑक्सिजनचे गट जोडलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा फिल्टर का नको?

रसायनशाळा:
पृष्ठभाग किती ते नंतर, आधी त्यावर भार कोणता ते बघा. ग्राफीन ऑक्साइडवरचे कार्बॉक्सिल गट 7-8 पीएचला ऋणभारित असतात आणि फ्लोराइडही ऋणच. शिसं, कॅडमियम पाण्यात धनभारित, ते चटकन धरतं, फ्लोराइडला उलट दूर लोटतं. आणि 2630 हा आकडा सुट्या एकेरी ग्राफीनचा आहे. ऑक्साइड वाळवलं की थर एकमेकांना चिकटतात, आतली जागा पाण्याला मिळतच नाही.

गोदाकाठ:
नुसतं वापरा असं म्हणणं नाही माझं. थरांवर ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरणारा ॲल्युमिनियम ऑक्साइड, बसवायचा. त्याचे नॅनोकण एरवी गोळा होतात, इथं सुटे राहतात, त्यामुळं पकडही लवकर होते.

बोअरवाला:
म्हणजे काम ॲल्युमिनाच करणार! हिशोब मांडा: रोज 5000 लिटर पाणी, फ्लोराइड लिटरला 3 मिलिग्रामवरून 1 वर आणायचा, तर दिवसाला 10 ग्रॅम काढावा लागतो. किलोभर दाणेदार ॲल्युमिना 2 ग्रॅम धरतो असं मानलं, तरी रोज 5 किलोची ताकद संपते. ती परत आणायला 1 टक्का कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, मग सौम्य आम्लानं धुवायचं. त्याच कॉस्टिकमध्ये ग्राफीन ऑक्साइडवरचा सैल कचरा सुटतो, पाणी चहासारखं तांबूस होतं. असं पाणी गावात कोण पिणार? शिवाय बारीक भुकटीनं टाकी तुंबते ती वेगळीच.

गोदाकाठ:
भुकटी कशाला? सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ) कालवून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडा, मणी तयार होतात. तुंबायचा प्रश्न मिटला.

रसायनशाळा:
दादा, फ्लोराइडच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असतं. सोडियम मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेतं, मणी फुगून मऊ पडतो, कॉस्टिकमध्ये तर आणखी लवकर. बायकार्बोनेटही ॲल्युमिनावरच्या जागा अडवतं. म्हणून विकणाऱ्याकडं डिस्टिल्ड पाण्यात घेतलेल्या चाचणीचा आलेख मागू नका. आपल्याच बोअरचं पाणी स्तंभातून, म्हणजे हा माल भरलेल्या उभ्या नळीतून, सोडायला लावा आणि पाचव्या धुण्यानंतर फ्लोराइड किती उरतो ते मोजून घ्या.

गोदाकाठ:
पाच धुणी कबूल. पण शेजारी साध्या ॲल्युमिनाचा स्तंभही ठेवा, पाणी तेच, वेग तोच.