मदत हवी: एक्सेलमध्ये पाऊस पडलेला प्रत्येक दिवस आउटलायर येतोय

कोरडवाहू: परवा प्रोजेक्ट जमा करायचाय. आयक्यूआरने (मधल्या निम्म्या नोंदींच्या पसाऱ्यावरून) आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे आकडे, काढायचेत. सूत्र तीनदा तपासलं, तरी 11 आउटलायर येतात. सर म्हणाले एखादाच असेल. लवकर सांगा.

मांजराकाठ: कशाचा डेटा? नोंदी किती?

कोरडवाहू: पावसाचा. क्यू3 अधिक दीडपट आयक्यूआर (क्यू3 वजा क्यू1), त्याच्या वरचा तो आउटलायर, हेच सूत्र ना?

मांजराकाठ: सूत्राचं सोडा हो. क्यू1 आणि क्यू3, म्हणजे नोंदी चढत्या क्रमानं लावल्यावर पाव आणि पाऊण वाटेवरचे आकडे, किती आले?

कोरडवाहू: दोन्ही शून्य.

आकडेमोड: तिथंच तर घोळ आहे! रोजचा पाऊस घेतलाय ना? कोरडे दिवस पाऊणपेक्षा जास्त असले की क्यू3 सुद्धा शून्यच. मग आयक्यूआर शून्य, वरची मर्यादा शून्य. शिंतोडा पडला तरी आउटलायर.

कोरडवाहू: हो, रोजचाच. एका महसूल मंडळाचे जून-जुलै, 61 दिवस. पाऊस 11 दिवस, मिमीमध्ये: 3, 4, 5, 6, 8, 9, 12, 14, 18, 26, 92.

बांधावरचा: तुमच्या मंडळात 92 तरी लागला. आमच्या गावात ढगफुटी झाली अन् पर्जन्यमापक बारा किलोमीटरवर कोरडा. पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही.

आकडेमोड: शून्यं बाजूला काढा, फक्त हे 11 घ्या. क्यू1 5.5, क्यू3 16, आयक्यूआर 10.5. वरची मर्यादा 31.75. एकटा 92 बाहेर.

जुना_मास्तर: चूक. क्यू1 5 आणि क्यू3 18 येतं. मर्यादा 37.5.

आकडेमोड: सर, क्वार्टाइल (क्यू1, क्यू3) काढायला तुम्ही एक्सेलचं QUARTILE.EXC वापरलं, मी QUARTILE.INC. उत्तर दोन्हीकडे 92च.

जुना_मास्तर: तरी कोणतं वापरलं ते लिहायला पाहिजे. आम्ही मार्क कापायचो.

पायथनवाला: एवढा कुटाणा कशाला? सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप), एका ओळीत काम.

आकडेमोड: करून बघा की. सरासरी 17.9, विचलन 25.5, मर्यादा 94 च्या वर. 92 सुटला! त्या एका आकड्यानंच विचलन फुगवलंय, चोरानंच कुंपण उंच केलं. क्वार्टाइल असं हलत नाही.

पायथनवाला: डेटा कमी आहे म्हणून.

कोरडवाहू: मग 92 उडवू का?

मांजराकाठ: काय करालाव राव? 65 मिमीच्या वर अतिवृष्टी धरतात, तोच दिवस उडवून पावसाचा अभ्यास कसला? आधी वही बघा, 9.2 चा टिंब राहिला असेल. मग शेजारच्या मंडळाची त्या दिवशीची नोंद बघा.

शेततळं: मापकाचं नरसाळं दर महिन्याला धुवा. आमच्यात चिमणीनं काड्या भरल्या होत्या.

बांधावरचा: विम्याचं कुणी बोलत नाही.

कोरडवाहू: वही बघितली. 92च आहे, टिंब नाही. शेजारच्या मंडळात 81. ठेवतो, खाली टीप लिहितो. आता दुसऱ्या मंडळाच्या शीटमध्ये खालच्या बाजूला दोन आउटलायर येतात. उणे 99.9 मिमी पाऊस कसा पडतो?

मांजराकाठ: नोंद नाही म्हणून घातलेला आकडा असतो तो. दुसरं मंडळ आहे हे आता सांगताय?

कोरडवाहू: सोळा आहेत.