रूटिंग पावडर दुप्पट लावू नका

जास्वंदीच्या काडीला मुळं फुटत नाहीत असं तुम्ही विचारलंय, त्यावर इथे कुणीतरी रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला काडीच्या बुडाला लावतात ती पूड, दुप्पट लावायला सांगितलंय, प्लीज तसं करू नका. त्या पावडरीत बहुतेक वेळा आयबीए असतं, म्हणजे ऑक्सिन गटातलं हार्मोन, आणि त्याचं असंय की थोडं असलं तर बुडाशी नवी मुळं सुरू होतात पण जास्त झालं की तेच मुळांची वाढ रोखतं, कधीकधी बूड काळं पडतं. झाड स्वतःचं ऑक्सिन शेंड्यात आणि कोवळ्या पानांत बनवतं, ते खाली उतरतं, म्हणून वरची एकदोन पानं राहू द्याच, मोठी असतील तर अर्धी कापा.

झाडात सायटोकायनिन नावाचं दुसरं हार्मोनही असतं, त्याचं काम वेगळं. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं की ऑक्सिनचं प्रमाण जास्त तर मुळं, सायटोकायनिनचं जास्त तर कोंब! एवढ्या साध्या प्रमाणावर सगळं ठरतं हे मला अजूनही फार भारी वाटतं.

आणि तुम्ही ठाण्यात घोडबंदरला राहता ना, पावसाळ्यात तिकडे बाल्कनीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळतच नाही, मुळांना हवा मिळाली नाही तर हार्मोन काय करणार, त्यामुळे त्यात परलाईट (हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू मिसळा आणि कुंडी आडोशाला ठेवा.